खाते वर्ग केले आहे

कलावंताने कला सोडली की लोक त्याच्या घरी समाचाराला आल्यासारखे येतात. चपला बाहेर हळूच काढतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि विचारतात, "सोडलं म्हणे?" समोरचा माणूस धडधाकट असतो. त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट असतो, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच घरात महिन्याचा किराणा एकदम भरलेला असतो. पण येणाऱ्याला ते दिसत नाही. तो मान हलवून म्हणतो, "काय गळा होता हो!" गळा जिथल्या तिथे असतो. त्याच गळ्यातून तो गृहस्थ आत सांगत असतो, "अगं, चहा टाक."

त्यातही तो कला सोडून शाळेत मास्तर झाला असेल तर हळहळीला भलताच रंग चढतो. व्यापारात गेला असता तर लोक म्हणाले असते, "हुशार निघाला." राजकारणात गेला असता तर कोणाला फरकच कळला नसता. शाळेत गेला म्हटले, की "अरेरे!"

उलट दिशेने जाणाऱ्यांची मात्र चरित्रे निघतात. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावात मास्तरकी करत होते, पुढे सरकारी कचेरीत गेले आणि १८८० साली त्यांनी पुण्यात 'शाकुंतल' उभे केले. पु. ल. देशपांडे मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलात शिकवत होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. १९६९ साली ते दवाखाना सोडून पूर्णवेळ नाटकात आले. शाळेतून किंवा दवाखान्यातून रंगमंचावर जाणे ही झेप. रंगमंचावरून शाळेत येणे ही घसरण. जिना एकच. चढताना दिसलेल्याला हार आणि उतरताना दिसलेल्याला आयोडेक्स.

मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध कॅलेंडरच्या पानावरच्या सुविचाराइतकाच. पण आमच्या धंद्याने एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली आहे. एका खात्यातून रक्कम गेली की ती दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात जमा झालीच पाहिजे. नाहीतर संध्याकाळी घरी जाता येत नाही. त्यामुळे कोणी म्हणाले, "एक कलावंत गेला," की मला पहिला प्रश्न पडतो : गेला तो कोणत्या खात्यात?

हा प्रश्न मला खरा छळू लागला तो नरसी नामदेवमुळे. हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाखेत माझी बदली झाली, तेव्हा माझ्या मामांनी घरातला नकाशा काढला. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी; त्याआधी तो परभणीच्या पोटात होता. मामांचा नकाशा त्याहून जुना. मामा म्हणाले, "तुला न सापडणाऱ्या जागी पाठवलंय." पण नरसी त्यांना लगेच कळले. कयाधू नदीच्या काठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नकाशाला जे जमले नाही ते सातशे वर्षांपूर्वीच्या एका कीर्तनकाराने करून ठेवले होते.

तिथे माझी गाठ पडली ती आमच्या एका खातेदाराशी. नाव सांगत नाही. खातेदाराचे नाव बाहेर सांगायचे नाही, ही बँकेने मला शिकवलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. आता सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, आपणही तेच म्हणू. पण आधी हे गुरुजी चौदा वर्षे 'मावशी' होते.

घाबरू नका. तमाशा ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळले असेल. गण होतो, मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींच्या पुढे कंबरेवर हात ठेवून, लचकत, कृष्णाशी हुज्जत घालत जी चालते ती मावशी. ती करतो पुरुष. पुढे वगात तोच पुष्कळदा सोंगाड्या होतो. राजा राज्य गमावतो, राणी रडते, आणि दोन-तीन हजार माणसांना मध्यरात्री जागे ठेवण्याची जबाबदारी असते या गृहस्थावर. दसऱ्याला फड बाहेर पडायचा. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागायच्या, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवायचे. वर्षाचे गणित त्या काही दिवसांत सुटायचे किंवा अडायचे. पावसाळ्यात गुरुजी घरी येऊन भावाच्या शेतात निंदणी-खुरपणी करायचे आणि रिकाम्या वेळात अभ्यास. अशा पावसाळ्यांत ते बी.ए. झाले, बी.एड.सुद्धा झाले, आणि ती प्रमाणपत्रे घुंगरांच्या पेटीत तळाशी ठेवून दिली.

२०२० साली करोना आला. यात्रा बंद झाल्या. पुढच्या हंगामातही बंदच राहिल्या. पेटीतली वरची वस्तू निरुपयोगी झाली, तेव्हा हात तळाशी गेला. गुरुजी टीईटीला बसले, पुन्हा बसले, आणि चाळिशीच्या जरा अलीकडे एका शाळेत लागले.

आमच्या शाखेत त्यांची एक दंतकथा आहे. फडात असताना त्यांनी मोटरसायकलच्या कर्जासाठी अर्ज केला होता. व्यवसायाच्या रकान्यात लिहिले होते, 'कलावंत'. तेव्हाच्या साहेबांनी विचारले, "उत्पन्नाचा पुरावा?" हे म्हणाले, "यात्रेला या की साहेब. दाखवतो." साहेब गेले नाहीत आणि कर्जही गेले नाही. मास्तर झाल्यावर तोच माणूस तोच अर्ज घेऊन आला. फडातल्या चांगल्या वर्षापेक्षा आता पैसे कमीच मिळत होते. पण सोबत पगाराची स्लिप होती. आठ दिवसांत कर्ज मंजूर! हजारोंना पहाटेपर्यंत हसवणे हे बँकेच्या लेखी उत्पन्न नव्हते. पस्तीस पोरांची हजेरी घेणे हे उत्पन्न होते. यात बँकेला दोष देण्यात अर्थ नाही. बँक समाजाचाच आरसा असते, फक्त तिच्या आरशावर गॅरंटरची सही लागते.

गावात गुरुजींबद्दल तीन मते होती. स्टँडजवळच्या हॉटेलात चहाबरोबर ती आळीपाळीने ऐकायला मिळत.

पहिले मत : "वाचला बिचारा. लेकरंबाळं मार्गी लागली." हे मत बहुतेक बायकांचे आणि सगळ्या सासऱ्यांचे.

दुसरे मत : "कलेशी बेइमानी केली. कलावंतानं मरेपर्यंत कला सोडू नये." हे मत मांडणारे गृहस्थ दर यात्रेत पुढच्या रांगेत पासावर बसत. मी बारकाईने पाहिले आहे, कलावंताने उपाशी राहावे हे मत नेहमी जेवण झाल्यावर मांडले जाते. कलेसाठी त्याग कोणी करायचा ते आपण ठरवून टाकलेले असते. आपण फक्त त्या त्यागाचे प्रेक्षक. बरे, सरकारचे वृद्ध कलावंतांसाठी मानधन आहे. पण त्यासाठी आधी वृद्ध व्हावे लागते, आणि दरम्यानच्या तीस वर्षांत रोज दोनदा भूक लागते.

तिसरे मत सुशिक्षितांचे, आणि म्हणून सर्वांत फसवे : "त्यात सोडलं काय? शिक्षक हासुद्धा नटच. वर्ग हाच रंगमंच." हे वाक्य शिक्षकदिनाच्या भाषणात छान वाजते. मलाही पुष्कळ दिवस ते पटत होते. पण हिशोबाला बसल्यावर जमाखर्च जुळेना.

आता बघा. नाटकात संहिता एकच, प्रेक्षक रोज नवे. शाळेत प्रेक्षक तेच, संहिता रोज नवी. सहावी ते आठवीला वर्षाचे दोनशे वीस दिवस भरले पाहिजेत असा नियम आहे. एकाच गावात, त्याच पस्तीस जणांपुढे, दोनशे वीस दिवस नवा वग लावून दाखवा म्हटले तर मोठमोठे फड रात्रीतून राहुट्या गुंडाळतील.

दुसरी गोष्ट पडद्याची. नटाची चूक झाली तर पडदा पाडता येतो, ढोलकीवाला सावरून घेतो. मास्तरच्या मदतीला फक्त घंटा येते, आणि ती शिपायाच्या मर्जीने.

तिसरी गोष्ट मात्र गमतीची नाही. तमाशाचा प्रेक्षक तिकीट काढून येतो आणि कंटाळला तर उठून जातो. त्याचे उठणे हीच त्याची टीका. शाळेतल्या पोराला उठता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. फार चांगला कायदा. पण त्याचा अर्थ असा, की समोर बसलेला मुलगा कितीही कंटाळला तरी बसणार आहे. ज्याला दार उघडून जाता येते त्याला फसवणे हा धंद्यातला धोका. ज्याला जाता येत नाही त्याला फसवणे हे पाप. आमच्याकडेसुद्धा, जो गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेत जाऊ शकतो त्याच्याशी आम्ही गोड बोलतो. खरी परीक्षा पेन्शनच्या रांगेतल्या म्हातारीपुढे होते, कारण ती कुठे जाणार?

हे पाप मी विद्यार्थी म्हणून जवळून पाहिले आहे. आमच्या शाळेत, गाव सांगत नाही, एक सर होते. तरुणपणी ते नाटक कंपनीबरोबर हिंडलेले. बीजगणिताच्या तासाला ते 'समजा क्ष' असे म्हणत, थांबत, खिडकीबाहेर पाहत आणि सांगत, "सांगलीला प्रयोग होता." मग सांगली, मग मिरज, मग तलवार तुटली तो प्रसंग, मग त्यांनी केलेले स्वगत. आवाज असा, की शेजारच्या वर्गातली पोरेही शांत बसत. आम्ही टाळ्या वाजवत असू. वर्षभर टाळ्या वाजवल्या आणि वार्षिक परीक्षेत निम्मा वर्ग बीजगणितात आडवा झाला. क्ष बिचारा अजून सांगलीच्या स्टेशनावर उभा आहे. सर वाईट नव्हते. त्यांना विद्यार्थी हवे नव्हते, प्रेक्षक हवे होते. आणि शाळेने ते फुकट पुरवले.

म्हणून रंगमंच सोडून शाळेत येणाऱ्याला विचारायचा प्रश्न "का सोडलंस?" हा नव्हेच. खरा प्रश्न, "टाळी सोडलीस का?" हा आहे. रंगमंच सोडणे एका राजीनाम्याचे काम. टाळी सोडणे अवघड. ती तंबाखूसारखी असते, डॉक्टरांपुढे सुटते आणि कोपऱ्यावर पुन्हा लागते.

टाळी सोडून शाळेत आलेल्या थोर माणसांची आपल्याकडे वाण नाही. पंडित विनायकराव पटवर्धनांचे उदाहरण घ्या. मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. १९२२ च्या सुमारास ते गंधर्व नाटक मंडळीत गेले. बालगंधर्वांसमोर नायक म्हणून उभे राहायचे म्हणजे त्या काळी मराठी मुलखातली सर्वांत हेवा करण्याजोगी नोकरी. नाव, गाणे, वन्समोअर, पंगती, सगळे होते. दहाएक वर्षांनी त्यांनी ते सोडले आणि ८ मे १९३२ रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. १९७५ साली ते वारले. म्हणजे दहा वर्षे रंगभूमी आणि त्रेचाळीस वर्षे शाळा. 'राग विज्ञान'चे सात भाग लिहिले, गुरूचा मुलगा दत्तात्रेय पलुसकर याला तयार केला. ज्यांनी विनायकबुवांना नाटकात पाहिले ती पिढी गेली. त्यांच्या पुस्तकावरून राग शिकलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आज तंबोरा जुळवत बसली असेल.

त्यांचे गुरू तर आणखी पुढचे. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे मुंबईला. ते जलसे करत आणि जलशाचे पैसे शाळेत ओतत. त्यांच्या बाबतीत रंगमंच हा कमावता भाऊ होता आणि शाळा ही घरातली लाडकी, खर्चिक बहीण. शेवटी कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेली. बँकेचा माणूस म्हणून मी सांगतो, अशा कर्जदाराचा अर्ज आजही कोणी मंजूर करणार नाही, आणि अशा कर्जदारावाचून देशात गाणेही शिकता येणार नाही.

"पण," तुम्ही म्हणाल, "ही मोठी माणसं. त्यांनी गाणं सोडून गाणंच शिकवलं. तुमच्या गुरुजींचं काय? मावशी कोणत्या इयत्तेला लावलीय?"

आक्षेप बरोबर आहे. विनायकबुवांकडे येणाऱ्याला गाणे हवे असे. आमच्या गुरुजींच्या वाट्याला सहावी-सातवीचे मराठी आणि भूगोल आले, आणि त्यांच्याकडे येणाऱ्याला सुट्टी हवी असते. शिवाय शाळेत कलावंताच्या वाट्याला आणखी काय काय येते! मतदार यादी येते, खिचडीची नोंदवही येते, ऑनलाइन माहिती भरणे येते. मुख्याध्यापक म्हणतात, "तुम्ही कलाकार ना, मग स्नेहसंमेलन तुमच्याकडे," आणि त्यातही पाहुण्यांच्या हारांची व्यवस्था. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवायला आणावे असे लिहिले आहे. मी ते गुरुजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मी आलो की! कागद मागून येऊ द्या."

मग त्यांचे खाते कुठे जमा धरायचे? याचे उत्तर पुण्यात नव्हते, नरसीतच होते, आणि ते मला एका एकादशीला सापडले. देवळाच्या आवारात भजन चालले होते. दिंड्या होत्या, पंजाबकडून आलेले काही पगडीवाले भाविकही होते. नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यामुळे ही मंडळी नरसीला आपल्या आजोळी यावे तशी येतात. मी एका खांबाला टेकून बसलो होतो, आणि एकदम लक्षात आले की ज्यांच्या गावात मी हा प्रश्न घेऊन बसलो आहे ते स्वतः कोण होते? कीर्तनकार! म्हणजे गायचे, नाचायचे, लोकांना रंगवायचे. नामदेवांनी तर कीर्तनात नाचणे आणि लोकांत ज्ञानाचा दिवा लावणे ही दोन्ही कामे एकाच दमात सांगून टाकली आहेत. मधे राजीनामा नाही, बदलीचा हुकूम नाही.

औंढ्या नागनाथाची कथा तुम्हाला ठाऊक असेल. औंढा याच हिंगोली जिल्ह्यात. देवळापुढे कीर्तन चालले असता पुजाऱ्यांनी नामदेवांना मागच्या बाजूला घालवले, आणि देवळानेच तोंड फिरवून त्यांच्याकडे केले. तिथला नंदी देवळाच्या मागे का, याचे उत्तर म्हणून लोक आजही ही कथा सांगतात. मराठी रंगभूमीवर फिरता रंगमंच 'तो मी नव्हेच'ने १९६२ साली गाजवला असे आम्ही समजतो. औंढ्याला तो कितीतरी आधीचा, आणि विजेशिवाय.

पण मला त्याहून मोठी वाटली ती मडक्याची कथा. संतांचा मेळा जमला होता. गोरोबाकाका कुंभार, त्यांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके वाजवून पाहिले. सगळी मडकी पक्की. नामदेवांच्या डोक्याला लावले तर नामदेव रागावले. गोरोबा म्हणाले, "हे कच्चं आहे." विचार करा. ज्याच्या कीर्तनाला देव डोलतो असे लोक म्हणतात, त्याला चार लोकांत 'कच्चे मडके' ठरवले! आजचा एखादा कलावंत असता तर पत्रक काढले असते. नामदेवही आधी रुसले म्हणतात. पण मग उठले आणि औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. शिष्य म्हणून. तिथे गुरुमहाराज शिवलिंगावर पाय ठेवून पसरलेले. हा म्हणाला, पाय काढा. ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे नेऊन ठेव. ठेवायला जागा सापडली नाही, आणि शिक्षण सुरू झाले.

पुढे उतारवयात नामदेव पंजाबात गेले आणि तिकडच्या लोकांना कळेल अशा बोलीत पदे रचली. ज्या मराठीत त्यांच्या शब्दाला टाळ-मृदंगाची साथ होती ती मराठी बाजूला ठेवली. रंगमंचावर लोक तुमच्या भाषेपर्यंत चालत येतात. शिकवायचे असेल तर तुम्हाला त्यांच्या भाषेपर्यंत जावे लागते, आणि तिथे पहिले काही दिवस तुम्ही पुन्हा कच्चे मडके असता. जमलेला माणूस पुन्हा न जमणारा व्हायला तयार आहे का, एवढाच काय तो या सगळ्यातला तत्त्वाचा प्रश्न. बाकी पगाराचा.

गुरुजींचे मडके मी वाजवून पाहिले ते सरकारी कामाने. बँकेतर्फे शाळांत आर्थिक साक्षरतेवर बोलायचे असते. मी त्यांच्या वर्गावर चक्रवाढ व्याजावर वीस मिनिटे बोललो. पहिली पाच मिनिटे मुलांनी माझ्याकडे पाहिले, पुढची पाच पंख्याकडे, आणि उरलेली दहा त्यांनी डोळे मिटून माझे विचार आत जिरवले. मग मी मागच्या बाकावर बसून राहिलो. आता मावशी बाहेर येणार, वर्ग डोक्यावर घेणार, अशी माझी खात्री.

तसे काही झाले नाही. गुरुजींनी मराठीचे पुस्तक उघडायला सांगितले आणि एका पोराला वाचायला उभे केले. पोरगा बोलताना अडखळणारा. पहिल्या शब्दावर अडला. दुसऱ्यांदा अडला. वर्गात ती हालचाल सुरू झाली जी हसण्याच्या आधी होते. पुढचा मागे बघतो, कोणी तोंडावर हात ठेवतो. चौदा वर्षे या माणसाने याच हालचालीवर पोट भरले होते. हशा कुठे उगवतो, किती वेळात पिकतो, कोणत्या शब्दावर फुटतो, हे त्यांच्याइतके त्या तालुक्यात कोणाला ठाऊक असणार? मला वाटते, म्हणूनच तो फुटायच्या आत ते हलले. काही बोलले नाहीत. नुसते फळ्यापासून चालत आले, वर्ग आणि पोरगा यांच्या मधोमध उभे राहिले आणि स्वतःच्या पुस्तकात पाहू लागले, जणू पुढचा शब्द त्यांनाच सापडत नाही. वर्ग गप्प झाला. पोराला दोन ओळी वाचायला बहुधा चार मिनिटे लागली. गुरुजींनी पान उलटले आणि म्हणाले, "फुडं?"

टाळी पडली नाही. पडण्यासारखे कोणाला काही दिसलेही नव्हते.

नंतर व्हरांड्यात मी विचारले, "पोरं तुम्हाला मावशी म्हणून चिडवत नाहीत का?" म्हणाले, "म्हंतात की. मोबाइलवर जुने व्हिडिओ हाईत ना. पहिल्याच दिवशी मागून एकानं हाळी दिली, 'मावशे!' म्या कमरेवर हात ठेवला, मावशीच्या आवाजात म्हटलं, 'काय गं बाई?' लई हसले. हसू दिलं. मग म्हटलं, बास, हे शेवटचं. आता हजेरी." थोडे थांबून म्हणाले, "सायेब, फडात हशा आला की पोट भरायचं. हितं चुकीच्या टायमाला हशा आला तर लेकराचं वाचणं जातं जन्माचं."

"आठवण येत नाही?" मी म्हटले. हा प्रश्न समाचाराला येणाऱ्यांचाच. पण विचारल्याशिवाय राहवेना.

"येती ना," ते म्हणाले. "पाडवा आला की झोप लागत नाही."

ते मी इथे लिहून ठेवतो, कारण ते पुसून टाकले तर हा लेखही शिक्षकदिनाचे भाषण होईल. काहीच गेले नाही असे नाही. एका फडातली मावशी गेली; तिच्या जागी आता कोण उभे राहते मला ठाऊक नाही. जी लकब चौदा वर्षे कनातीत घासून आली होती ती भूगोलाच्या तासाला उपयोगी पडत नाही. ज्या माणसाला आपले आवडते काम आणि लेकरांची फी यांतून एकच निवडावे लागते, त्याची निवड कितीही शहाणपणाची असो, ती त्याला करावी लागली ही आपली सगळ्यांची नामुष्की. पासावर बसणाऱ्यांची जरा जास्त.

मी हे सगळे घरी सांगितले. आमची ही म्हणाली, "एवढा विचार कशाला? माझ्या आईनं लग्नानंतर गाणं सोडलं, आणि आम्हा चौघी बहिणींना शिकवलं. तिच्या घरी कोणी 'अरेरे' करायला आलं नव्हतं." मी गप्प बसलो. या देशात किती कलावंत असे परस्पर मास्तरणी झाल्या असतील, त्यांची खाती कोणत्याच लेजरला निघायची नाहीत.

आमच्या बँकेत दोन अर्ज असतात. एक खाते बंद करण्याचा. तो भरला की पासबुकावर आडवी रेघ मारतात आणि शिल्लक हातात देतात. दुसरा खाते वर्ग करण्याचा. त्यात रेघ नसते. खाते दुसऱ्या शाखेत जाते, शिल्लक जशीच्या तशी जाते, फक्त इथल्या काउंटरवर तो माणूस दिसेनासा होतो. नवखे कारकून दोन्ही अर्जांत गोंधळ करतात आणि म्हणतात, गिऱ्हाईक गेला. कलावंतांच्या बाबतीत आपण सगळेच नवखे कारकून.

'वर्ग' हा शब्द आमच्या धंद्याने आणि शाळेने एकच का निवडला ते मला कळले नव्हते. आता थोडेसे कळते आहे. फरक एवढाच, की आमच्याकडे वर्ग केलेल्या खात्यातली रक्कम त्याच माणसाच्या नावावर राहते. शाळेत ती एका अडखळणाऱ्या पोराच्या नावावर जमा होते, त्याला त्याचा पत्ताही नसतो, आणि ज्याच्या खात्यातून गेली तो तक्रार घेऊन काउंटरवर येत नाही. हिशोबाच्या कोणत्याही नियमात हे बसत नाही. पण संध्याकाळी घरी जायला हरकत नसावी.